अक्रोड

पित्ताचे खडे बघायला म्हणून गेलो होतो बुद्येयोवित्सेला.
खडे नव्हतेच.
पोरसवदा डॉक्टरणीनं पोटावरची गार जेली पुसता पुसता
हात थांबवला, यंत्र पुन्हा टेकवलं डाव्या कुशीला,
आणि बोलायची बंद झाली.

एकतीस वर्षं मी त्रेबोन्यची तळी राखतोय.
माणूस पाण्याकडे बघता बघता गप्प झाला
की खाली काहीतरी आहे, एवढं मला कळतं.

चार पूर्णांक तीन सेंटिमीटर.
ब्लाझेनानं फडताळातून अक्रोड काढला,
पट्टी लावली. म्हणाली, याहून थोडी मोठी.
मग तो अक्रोड कुणी फोडेना,
कुणी परतही ठेवेना.

दुखत नव्हतं. तेच खटकत होतं.
भूक शाबूत, लघवी स्वच्छ,
बांधावरून रोज अकरा किलोमीटर सायकल.
पोटात गोळा येतो तो भीतीनं,
भीती सरली की विरतो, असं आजवर ठाऊक होतं.
हा आधीच येऊन बसलेला.
भीती मागाहून आली,
राहायला आल्यासारखी, सामान घेऊन.

डॉक्टर शिमेच्कोवांनी पाकिटाच्या पाठीवर किडनी काढली:
घेवड्याचा दाणा, टोकाशी फोड.
सगळी काढता येईल, म्हणाल्या,
किंवा एवढाच तुकडा. उरलेली वाचेल.
पण त्यासाठी धमनी चिमट्यानं बंद ठेवावी लागते.
किती वेळ?
वीस मिनिटं. पंचवीस झाली तर मला आवडत नाही.

त्या अख्ख्या दिवसात
मला समजलेलं हे पहिलं वाक्य.
दार किती वेळ पाडून ठेवायचं,
पाण्याबाहेर मासा किती दम धरतो,
याच हिशेबावर माझं घर उभं आहे.
मी म्हणालो, तुकडा.

ब्रनोहून राडकाचा फोन: बाबा, टक्केवारी वाचत बसू नका.
वाचली. रात्री दोनला, स्वयंपाकघरात, चष्मा कपाळावर ढकलून.
मीही मासे शेकड्यानं मोजतो,
पण जाळ्यात तडफडतो तो एकेकटा.

वॉर्डात शेजारी हाव्रानेक, कौलं बसवणारा.
त्याचा आजार फुप्फुसांत उतरलेला.
गोळ्यांनी तळपाय सोललेले, म्हणून
लोकरी मोज्यांचे दोन जोड चढवून
बर्फावरून चालल्यासारखा संडासापर्यंत जायचा.
धीराचं वगैरे काही बोलला नाही.
खारवलेल्या माशांची बरणी तेवढी पुढे केली.
बोटं चालत नाहीत, झाकण काढून दे.
मग एक तुकडा खाऊन म्हणाला, कांदा कमी पडलाय.
खरंच कमी होता.

एकोणीस मिनिटं लागली. मी विचारून घेतलं.

रिपोर्टला सोळा दिवस.
त्यात लिहिलं होतं: उजळ पेशींचा कर्करोग, कडा स्वच्छ.
उजळ? मी विचारलं.
पेशींतली चरबी धुताना निघून जाते, त्या म्हणाल्या,
भिंगाखाली दिसतं ते रिकामं घर.
इतक्या वाईट गोष्टीला इतकं चांगलं नाव
कुणी दिलं असेल, याचा विचार करत
मी बसस्टॉपवर दोन बस सोडल्या.

नोव्हेंबरात तळं सोडलं.
टाक्यांमुळे दाराची फळी मला उचलू देईनात.
मात्येयनं उचलली, वाकडी. मी ओरडलो.
ओरडल्यावर कूस कळवळली.
पाणी हळूहळू जातं, घाई केली तर मासे चिखलात रुततात.
चौथ्या दिवशी तळ दिसला:
एक ट्रॅक्टरचा टायर, कुणाची तरी बादली,
आणि एवढ्याशा डबक्यात चार टन कार्प, पाठीला पाठ.
दरवर्षी बघतो. यंदा मात्र टायरकडेच बघत राहिलो,
कधीपासून असेल हा इथे.

नाताळच्या आदल्या रात्री आमच्याकडे
ज्यानं त्यानं आपला अक्रोड फोडायचा.
गर पांढरा निघाला की वर्ष धडधाकट.
ब्लाझेनानं टोपली फिरवली.
माझ्यासमोर आली तेव्हा तिचा हात जरासा हलला,
आणि मी ओळखला, पट्टी लावलेला तो.

राडका म्हणाली, बाबा, दुसरा घ्या.

मी खिशात टाकला.
पुढचा स्कॅन मे महिन्यात.
उद्या दार लावायला हवं,
भरायला वेळ लागतो.